खिडकीची जागा कोणाची?

मागच्या महिन्यात दुपारच्या वेळी माझी एक मैत्रीण घरी आली. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. पण मैत्रीला वय कुठे आडवं येतं? चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "अगं, मुलीचा अमेरिकेतून फोन आला होता. आम्हा दोघांना ती जहाजाने फिरायला नेणार आहे. पनामा कालव्यातून! विचारत होती, आतली खोली घेऊ, खिडकीची घेऊ की बाल्कनीची? मी म्हटलं, आतलीच घे बाई. सगळ्यात स्वस्त तीच. आपल्याला काय, रात्री पाठ टेकायला जागा मिळाली म्हणजे झालं."

"आणि सर काय म्हणाले?" मी विचारलं.

"ते म्हणत होते बाल्कनीची घेऊ. मीच नको म्हटलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, बाई, तुम्ही सात समुद्र ओलांडून जगातला एवढा प्रसिद्ध कालवा बघायला जाणार आणि चार भिंतींच्या आत बसून येणार? आतली खोली म्हणजे काय ठाऊक आहे का? तिला खिडकीच नसते. दिवस उगवला की मावळला, हे घड्याळात बघून कळतं. त्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, "सवय आहे गं आपल्याला."

त्या गेल्या, पण ते "सवय आहे" काही डोक्यातून जाईना. म्हणून आज हा विषय.

मैत्रिणींनो, कालवा म्हटलं की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईच्या डोळ्यांसमोर येतो तो बेंबळा प्रकल्पाचा कालवा. पाणी सुटलं का, आपल्या वावरापर्यंत आलं का, एवढाच त्याचा आपला संबंध. कालव्यातून बोटीत बसून फिरायचं, तेही निव्वळ दोन्ही काठ बघत, ही कल्पनाच आपल्याला चैनीची वाटते. पण आता आपल्या लोहाऱ्यासारख्या गावातूनही लोक केरळला जातात, तिथल्या हाऊसबोटीत राहतात. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजांच्या जाहिराती आपणही बघतो. कोणाची लेक, कोणाचा मुलगा परदेशात असतो, तो आईवडिलांना बोलावतो. तेव्हा "कोणती खोली घ्यायची?" हा प्रश्न आता आपल्याही ओट्यापर्यंत आला आहे. आणि मला वाटतं, हा प्रश्न नुसत्या खोलीचा नाही.

जरा आठवून बघा. एसटीत तुम्ही खिडकीशी शेवटच्या कधी बसला होता? खिडकी लेकराला, कारण त्याला बाहेर बघायचं असतं. नाही तर नवऱ्याला, कारण त्यांना वारा लागतो. सासूबाईंना, कारण त्यांना मळमळतं. आपण मधे, मांडीवर पिशवी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपलं तिकीट अर्धं झालं, त्याचा आनंद आहेच. बाया माहेरी जास्त जायला लागल्या, बाजाराला जायला लागल्या. पण तिकीट अर्धं झालं तरी खिडकी काही आपल्या वाट्याला आली नाही!

आमच्या लहानपणी यवतमाळहून मूर्तिजापूरला शकुंतला जायची. आता ती बंद आहे, पण माझ्या वयाच्या बायांना ती नक्की आठवत असेल. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. मामाच्या गावाला दारव्ह्याकडे जाताना मी आणि माझा भाऊ खिडकीसाठी भांडायचो. आई म्हणायची, "तू नको बसू, डोळ्यात कोळसा जाईल." भावाच्या डोळ्यात कोळसा जात नव्हता का? जात होता. डोळे चोळत चोळत तो सगळी कपाशीची वावरं बघायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढं. आईचा त्यात दोष नव्हता. तिला तिच्या आईनं हेच शिकवलं होतं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते. २०११ च्या दिवाळीनंतर आमचं सगळं कुटुंब केरळला गेलं होतं. मामाजी, सासूबाई, मोठे भाऊजी, जाऊबाई, आम्ही दोघं आणि पोरं. नागपूरहून केरळ एक्स्प्रेस, दीड दिवसाचा प्रवास, तिसऱ्या दिवशी अलप्पुळा. आपण ज्याला अलेप्पी म्हणतो, तेच हे. तिथे तीन खोल्यांची हाऊसबोट ठरवली होती. एक दिवस आणि एक रात्र.

बोटीत पाय ठेवल्याबरोबर खोल्या वाटून झाल्या. कोणी ठरवलं, कोणी विचारलं, काही आठवत नाही. ते आपोआप झालं. सगळ्यात पुढची, मोठ्या काचेच्या खिडकीची खोली तिघा पुरुषांना. मधली पोरांना. मागची आम्हा तिघी बायांना. "तुम्हाला काय, गप्पाच तर करायच्या आहेत," असं कोणी तरी हसत म्हटलं आणि आम्हीही हसलो.

मागच्या खोलीच्या मागे लगेच स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे इंजिन. डिझेलचा वास, घरघर आणि तळलेल्या मासळीचा धूर. आम्ही माळकरी घरातल्या. सासूबाईंचं डोकं धरलं. खिडकी होती, पण लहान, आणि तिच्यासमोर दोरीवर बोटीवरच्या पोरांचे कपडे वाळत घातलेले. त्यात माझा मुलगा सहा वर्षांचा, पाण्यात वाकेल म्हणून मी त्याच्या मागे. जाऊबाईंनी सासूबाईंचं डोकं चेपलं. संध्याकाळी आम्ही पुढे येऊन बसलो तोवर बोट काठाला लागून बांधलेली होती.

परत आल्यावर लोहाऱ्यात शेजारच्या बायांनी सासूबाईंना विचारलं, "कसं होतं व केरळ?" त्या म्हणाल्या, "पाणी पाणीच होतं म्हणे."

म्हणे! जी बाई स्वतः तिथे जाऊन आली, एक दिवस आणि एक रात्र त्या पाण्यावर राहिली, ती "म्हणे" म्हणाली. तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीही हसले. २०१९ मध्ये सासूबाई गेल्या. त्यानंतर एकदा फोटोंचा अल्बम काढला तर केरळच्या फोटोत त्या दोनच ठिकाणी सापडल्या, एकात कन्याकुमारीच्या देवळासमोर आणि दुसऱ्यात जेवायला बसलेल्या. तेव्हा मला त्या "म्हणे"चा अर्थ कळला. त्यांनी जन्मात एकदाच एवढा लांबचा प्रवास केला आणि तो दुसऱ्याच्या डोळ्यांनी केला. आणि त्या खोलीत त्यांच्याबरोबर मी होते. मी तरी कुठे म्हटलं, की आईंना पुढे बसू द्या?

तेव्हापासून माझ्या मनात होतं, की एकदा त्या पाण्यावर परत जायचं. तो योग २०२३ च्या डिसेंबरात आला. आमच्या बचत गटातल्या आणि ओळखीच्या मिळून आम्ही दहाजणी निघालो. वर्षभर दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते. सगळ्यात मोठ्या शेजारच्या काकू, वय चौसष्ट, आणि सगळ्यात लहान एकतीस वर्षांची अंगणवाडीताई. घरोघरी जे बोलणं झालं ते सांगत नाही, तुम्हाला सगळं ठाऊकच आहे.

या वेळी मी ठरवलं होतं, बोट आणि खोली विचारून, पारखून घ्यायची. लुगडं घेताना आपण पदर, काठ, पोत सगळं बघतो, मग हजारो रुपये मोजून घेतलेली खोली न बघता का घ्यायची? त्या दोन फेऱ्यांत मी जे शिकले ते तुमच्यासाठी सांगते. कोणाच्या तरी कामी येईल.

आधी ही बोट कशी असते ते समजून घ्या. तिला तिकडे केट्टुवल्लम म्हणतात. जुन्या काळी हीच बोट कुट्टनाडातलं भात आणि मसाले वाहून न्यायची. लाकडाच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून बांधायच्या, खिळा मारायचाच नाही. म्हणजे बोट चक्क शिवलेली असते! रस्ते आणि ट्रक आले तसं तिचं काम गेलं आणि मग तिच्यावर बांबूचं आणि चटयांचं छप्पर चढवून तिला पाहुण्यांसाठी सजवलं. सगळ्यात पुढे बोट चालवणारा बसतो, त्याच्या मागे उघडी बैठक, मग ओळीनं खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि शेवटी इंजिन. तेव्हा पहिली गोष्ट, जितकी खोली पुढे तितका आवाज आणि वास कमी. फक्त बैठकीला लागून असलेल्या खोलीत रात्री गप्पांचा आवाज येतो. ज्यांना लवकर झोपायचं त्यांनी मधली घ्यावी.

दुसरी गोष्ट, खोलीला खिडकी किती बाजूंना आहे ते विचारा. पुष्कळ बोटींत एका बाजूने ये-जा करायला बोळ असतो, त्यामुळे खोलीला खिडकी एकाच बाजूला. "डावी बाजू चांगली की उजवी?" असं सगळे विचारतात. खरं सांगायचं तर त्यानं फार फरक पडत नाही, कारण बोट बहुतेक फिरून त्याच वाटेनं परत येते. जाताना जे डाव्या हाताला, ते येताना उजव्या हाताला. फरक पडतो तो बोट उभी राहिल्यावर. संध्याकाळी साडेपाच-सहाला हाऊसबोटी काठाला बांधाव्या लागतात, कारण रात्री मासेमारांची जाळी पाण्यात असतात. मग रात्रभर आणि पहाटे तुमच्या खिडकीसमोर काय असणार? शेजारच्या बोटीची भिंत, की मोकळं पाणी? हे आधीच विचारून घ्या. "रात्री बोट कुठे बांधणार आणि आमची खिडकी कोणत्या बाजूला येणार?" एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याला कळतं, की ह्या बाईला फसवता येणार नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे उंची. कुट्टनाडात भाताची शेती समुद्राच्या पातळीच्या खाली केली जाते. कालव्याचं पाणी वर आणि वावर खाली, मधे मातीचा बांध. आपल्याकडे विहिरीतून पाणी वर ओढायला मोटर लागते, तिकडे वावरातलं पाणी उपसून कालव्यात टाकायला मोटर लागते! आता तुम्ही खालच्या खोलीत बसलात तर तुम्हाला फक्त बांध दिसतो आणि नारळाची झाडं. पण वरच्या मजल्यावर बैठक असलेली बोट घेतली, तर त्या बांधापलीकडे पाण्याच्या खाली पसरलेलं हिरवंगार शिवार दिसतं. आम्ही वर गेलो तेव्हा काकू किती तरी वेळ बोलल्याच नाहीत. साऱ्या जन्माच्या शेतकरीण त्या. मग म्हणाल्या, "अवं बाई, हे तं पाण्याच्या खाली वावर हाय! बांध फुटला तं काय करत असतीन हे लोक?" आणि खरोखर २०१८ च्या महापुरात ह्या कुट्टनाडाचे फार हाल झाले होते. काकूंनी एका नजरेत ते ओळखलं. त्यांना खालच्या खोलीत बसवलं असतं तर त्यांनीही घरी येऊन "पाणी पाणीच होतं म्हणे" असंच सांगितलं असतं.

चौथी गोष्ट, बोट फार मोठी घेऊ नका. मोठी बोट वेंबनाड सरोवरात आणि रुंद कालव्यातच फिरते, गावातल्या अरुंद कालव्यांत ती शिरूच शकत नाही. पाहण्यासारखं जे आहे ते त्या अरुंद कालव्यांतच आहे. आम्ही दहाजणींसाठी एक मोठी बोट घेण्याऐवजी दोन लहान घेतल्या आणि सकाळी वल्ह्याच्या होडीतून आत फिरून आलो. आणि ज्यांना हाऊसबोट परवडत नाही त्यांनी मुळीच मन लहान करू नये. अलप्पुळाच्या धक्क्यावरून तिथल्या सरकारी जलवाहतूक खात्याच्या बोटी सुटतात, आपल्या एसटीसारख्या. अलप्पुळा ते कोट्टायम हा अडीचेक तासांचा प्रवास थोडक्या रुपयांत होतो आणि तेच कालवे, तेच सरोवर दिसतं. शिवाय शेजारी बसतात त्या तिथल्या बाया, भाजीची टोपली घेऊन, शाळेची पोरं घेऊन. त्याच खात्याची सूर्यावर चालणारी एक बोट जानेवारी २०१७ पासून वैकोमला चालते, देशातली तशी पहिलीच.

आमच्या दोन्ही बोटींत मिळून पुढच्या खोल्या दोनच होत्या. त्या कोणाला? ज्या सगळ्यात मोठ्या त्यांना, असं ठरलं. आणि मग काय झालं असेल? काकू अडून बसल्या. "मले काय करायचं हाय खिडकीचं? पोरींनो, तुम्ही बसा. मी पडते मागे." अंगणवाडीताई म्हणे, "नाही काकू, मी मागे." तिसरी म्हणे, मला तर काय कुठेही झोप लागते. पाच मिनिटं आम्ही दहाजणी एकमेकींना मागे ढकलत होतो! तिथे ना नवरे होते, ना सासरे, ना लेकरं. खिडकी रिकामी होती आणि तिच्यापाशी जायला कोणी तयार नव्हतं.

मला हसूही आलं आणि रागही. म्हणजे आपली खिडकी दर वेळी कोणी हिसकावून घेतं असं नाही तर. किती वेळा आपणच ती सोडून देतो, आणि सोडली की आपल्याला चांगलं वाटतं. आपण त्यागी, आपण समजूतदार. लहानपणापासून ज्या गोष्टीसाठी शाबासकी मिळाली, ती सुटणार कशी? शेवटी मी सांगितलं, आपल्या गटात कर्ज कसं देतो? पाळीनं. तशी खिडकीही पाळीनं. दुपारी ह्या, संध्याकाळी त्या, पहाटे तिसऱ्या. पाळी आली की उठायचं नाही आणि दुसरीला द्यायची नाही. मग सगळ्या तयार झाल्या. हक्क म्हटला की बाई संकोचते, पाळी म्हटली की तिला पटतं. गंमतच आहे!

पहाटे काकूंची पाळी होती. मी चहा घेऊन गेले तर त्या खिडकीशी मांडी घालून बसलेल्या, डोक्यावरून पदर. बाहेर धुकं, आणि एक माणूस उभ्यानं वल्हं मारत बदकांचा मोठा कळप पाण्यातून हाकत नेत होता, आपल्याकडे बकऱ्या हाकतात तसा. मी म्हटलं, "काकू, चहा." त्यांनी मान न वळवता हात पुढे केला. कोणासाठीही त्या उठल्या नाहीत. एवढा वेळ त्यांना नुसतं बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण खिडकीची आणखी एक बाजू असते. ती सांगितली नाही तर हे लिहिणं अर्धवट राहील.

अरुंद कालव्यातून जाताना दोन्ही काठांना घरं आहेत. प्रत्येक घरासमोर दगडाच्या दोन-चार पायऱ्या, तिथेच भांडी, तिथेच धुणं, तिथेच लेकरांच्या आंघोळी. एक बाई कपडे आपटत होती. आमच्यातल्या एकीनं मोबाइल काढला. त्या बाईनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. बस्स, एवढंच. पण माझ्या पोटात कालवलं. आपल्या नळावर, आपल्या विहिरीवर रोज असे परके लोक काचेतून बघत गेले असते, तर आपल्याला कसं वाटलं असतं? आपण ज्याला छान देखावा म्हणतो, तो कोणाचा तरी मागचा अंगण आहे. मोबाइल आत ठेवला. पुढच्या पायरीवर एक बाई दिसली तेव्हा आम्ही हात हलवला. तिनंही साबणाचा हात हलवला.

आणखी एक. चहूकडे पाणी असूनही कुट्टनाडात प्यायच्या पाण्याची टंचाई असते. शेकडो बोटी फिरतात, त्यांचं डिझेल आणि सांडपाणी त्याच पाण्यात मिसळत असेल तर दुसरं काय होणार? २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले तेव्हा यवतमाळात पाण्यासाठी आपण काय काय केलं ते आठवा. म्हणून बोट ठरवताना खिडकीबरोबर हेही विचारा, "तुमच्या बोटीचं सांडपाणी कुठे जातं?" दहा बायांनी विचारलं तर दहावा बोटवाला तरी विचार करील. केरळातल्या बाया आपल्याला परक्या नाहीत. तिथे १९९८ पासून कुडुंबश्री नावानं बायांचे गट घरोघर पोचले आहेत. आपण गटाच्या बाया म्हणून तिकडे गेलो, तर गटाच्या बायांसारखंच वागायला हवं.

आता काही जणी म्हणतील, "ताई, इथे कर्जाचे हप्ते चुकतात, कपाशीला भाव नाही, पोरींच्या लग्नाची काळजी, आणि तुम्ही खिडकीचं काय घेऊन बसलात?" प्रश्न खरा आहे. आमच्या गटातही ज्या येऊ शकल्या नाहीत त्या दहाहून जास्त होत्या, हे मी विसरले नाही. पण मी इतकी वर्षं घरोघर फिरते आहे, त्यावरून सांगते. जी बाई बसमध्ये खिडकी मागू शकत नाही, ती घरात सातबाऱ्यावर नाव कसं मागणार? ग्रामसभेत पुढच्या सतरंजीवर कशी बसणार? आजही सभेला बाया येतात आणि दाराशी बसतात. नवीन घर बांधताना बघा, मोठी खिडकी बैठकीला आणि ओट्यासमोर भिंत. जी बाई दिवसाचे सहा-सात तास ओट्याशी उभी असते तिच्या डोळ्यांसमोर भिंत, आणि जी खोली दिवसभर रिकामी तिला खिडकी! नकाशा काढताना आपल्याला कोणी विचारलं नाही हे खरं. पण आपण सांगितलं का, हेही खरं.

दुसरं कोणी म्हणेल, घरात असं माझं-तुझं करू लागलो तर प्रेम कुठे राहिलं? मला वाटतं, प्रेम पाळीनं बसण्यातच आहे. लेकराला खिडकी द्या, जरूर द्या. म्हाताऱ्या माणसांना द्या. पण अर्ध्या वाटेवर लेकराला सांगा, "आता आईला बसू दे, आईलाही बघायचं आहे." त्याला कळू तरी दे, की आईलाही डोळे असतात. माझा मुलगा आता विशीचा आहे. २०११ च्या त्या बोटीत त्याला हे कोणी सांगितलं नाही. आता मी सांगते, आणि तो ऐकतो. उशीर झाला, पण झालं.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, बरोबर नवरा नाही, माहेरचं कोणी नाही. सुएझ कालवा सुरू होऊन तेव्हा जेमतेम चौदा वर्षं झाली होती, त्याच वाटेनं त्या गेल्या. त्या वयात, त्या काळात एक मराठी मुलगी कालवा ओलांडून शिकायला जाते आणि आपण आज म्हणतो, आम्हाला काय करायची खिडकी?

तर आता शाळेतल्या बाईंकडे वळते. त्यांना मी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. पनामा कालवा १९१४ साली सुरू झाला, लांबी सुमारे ८० किलोमीटर. तिथे जहाज सरळ जात नाही. कुलपासारख्या मोठमोठ्या सिमेंटच्या हौदांत ते घेतात, दारं बंद करतात, पाणी भरतात आणि जहाज पायरी पायरीने २६ मीटर वर चढवतात. वर गटून नावाचं सरोवर आहे. ते पार केलं की पलीकडे तसंच खाली उतरवतात. सगळं गोड पाणी, पावसाचं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला तर जहाजांची संख्या कमी करावी लागली होती. पाण्याचं दुःख सगळीकडे सारखंच.

आणि खोलीचं म्हणाल तर हिशेब कुट्टनाडासारखाच. खालच्या मजल्यावर खिडकी घेतली तर हौदात असताना समोर नुसती सिमेंटची भिंत दिसणार. वरच्या मजल्यावर घ्यावी, म्हणजे भिंतीपलीकडचं दिसतं. बाल्कनीतून एकच बाजू दिसते, पण डावी की उजवी याची काळजी नको, दोन्हीकडे पाहण्यासारखं आहे. आणि कालव्याच्या दिवशी पहाटेच उठून जहाजाच्या पुढच्या उघड्या गच्चीवर जाऊन उभं राहावं. ती सगळ्यांची असते. तिचे वेगळे पैसे नाहीत. पैसे खरंच कमी असतील तर आतली खोली घेऊनही हा दिवस तिथे उभं राहून बघता येतो. पण पैसे असताना, मुलगी प्रेमानं विचारत असताना, सरही हो म्हणत असताना नुसतं सवयीनं "आतली घे" म्हणू नका.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, पण तिला जास्त खर्च..." मी म्हटलं, "ती मिळवती आहे. तिनं विचारलं म्हणजे हिशेब करूनच विचारलं असेल. तुम्ही आतली घ्या म्हटलं, तर ती काय शिकेल? उद्या तिची मुलगी तिला विचारील तेव्हा तीही हेच म्हणेल." यावर मात्र त्या गप्प झाल्या.

परवा त्यांचा फोन आला. "घेतली गं. वरच्या मजल्यावरची. बाल्कनीची." आवाजात अपराधीपण होतं, जसं काही त्यांनी कोणाचं तरी काढून घेतलं. मी म्हटलं, जाऊन या. आणि आल्यावर मला सगळं सांगा, पण एक अट. सांगताना एकदाही "म्हणे" म्हणायचं नाही.

मैत्रिणींनो, केरळ आणि पनामा राहू द्या बाजूला. पुढच्या वेळी दारव्ह्याला, आर्णीला, नागपूरला जाताना एसटीत चढाल, तेव्हा जागा असेल तर खिडकीशी बसा. लेकरू रडेल, त्याला अर्धी वाट द्या. पण अर्धी तुमची. बाहेर आपलंच शिवार आहे, तीच कपाशी, तीच तूर, तेच पळसाचं झाड. रोजचंच. तरी बघा एकदा, स्वतःच्या डोळ्यांनी.